बसल्या जागी रस्ता

"चला, उचला," असं म्हटल्याशिवाय ते माउसला हात लावायचे नाहीत. त्याआधी उजवा तळवा पँटीला एकदा पुढून, एकदा मागून पुसायचे, खुर्ची जरा पुढे ओढायचे आणि मग हे दोन शब्द. म्हणायचे स्वतःशीच, पण शेजारच्याला ऐकू जायचे. क्लासमधली मुलं खिदळायची. एवढासा माउस, आणि हा माणूस तो उचलायला चार जणांना हाक घालतोय, असं त्यांना वाटायचं. मलाही हसू यायचं, लपवत नाही. ते शब्द कुठून आलेत हे कळायला मला दोन महिने लागले, आणि कळल्यावर मी पुन्हा हसले नाही.

महाडला एसटी स्टँडजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचा संगणक क्लास होता. दोन हजार सालाच्या आगेमागे असे क्लास गावोगाव निघाले होते, तुम्हांलाही आठवत असतील. चपला दाराबाहेर काढायच्या, आत पंखा गरगरतोय, आठ मशीन आणि त्यातली सहा चालू. मी तिथे शिकवायची. वय चोवीस, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की समजूत.

ते दिवाळीनंतर आले. पस्तिशीचा माणूस, अंगात कंपनीचा निळा शर्ट, नखं केमिकलने पिवळी झालेली. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. दुपारच्या पाळीला जाण्याआधी सकाळचे दोन तास यायचे. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये संगणक बसले होते, आणि ज्याला ते चालवता येतात त्याला आत घेणार असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. म्हणजे दिवसभर पिंपं लोटायची ती तरी सुटतील. नाव मी सांगणार नाही. ते आजही कुठेतरी असतील, आणि आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही.

आठवडाभर महाडला खोलीवर राहायचे आणि सुट्टीला वाडीवर जायचे. वाडी पोलादपूर तालुक्यात, आंबेनळीच्या अंगाला, उंच डोंगरावर. अकरा घरं. गुरं राखायची, वरी-नाचणी पिकवायची. खाली डांबरी रस्त्याला एसटी सोडते, तिथून वर अडीच तासांची चढण. घरी आई आणि बायको.

पहिल्याच आठवड्यात मुलं मधल्या वेळेत मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होती. गुळगुळीत रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, मोटार नुसती पळतेय. हे मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे आले.

"बाई, ह्यो रस्ता कुणी केला?"

मी समजावून सांगितलं. कुठेतरी एक माणूस संगणकापुढे बसतो, चित्रं काढतो, सूचना लिहितो, त्यातून हे सगळं तयार होतं. तो माणूस जागेवरून उठतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उठायची गरजच नाही.

"म्हंजे बसल्या जागी रस्ता होतो," ते म्हणाले आणि मान डोलावत राहिले. मला वाटलं, किती भाबडा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, मला तेवढा धडा शिकवा. मी म्हटलं, आधी पत्र लिहिणं, तक्ते करणं असं सगळं असतं, कंट्रोल रूमला तेच लागतं. ते म्हणाले, कंट्रोल रूम कुठं पळून जात नाय.

दहावी पास होते. इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचायचे. पण चिकाटी अशी, की मी तशी आजवर पाहिली नाही. प्रत्येक सूचना आधी वहीत उतरवायचे, मग टंकायचे. कुठे चूक झाली तर इतर मुलं सरळ त्या ओळीवर उडी मारायची. हे दर वेळी पहिल्या ओळीपासून खाली यायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, असं केलंत तर जन्म जाईल. त्यावर, वाट मधूनच सुरू होत नाय बाई, असं म्हणून ते पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. माउसने पहिलं घर काढायला त्यांना तीन सकाळी लागल्या. संक्रांतीपर्यंत अकरा घरं, डोंगर, ओढा आणि वाट उभी राहिली.

त्यांनी केलेला खेळ असा होता. वर वाडीत एक बाई अडलेली आहे. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधायची, ती डोली. ती उचलायला चार खांदे लागतात. खेळणाऱ्याने घरोघर फिरून दार वाजवायचं. बहुतेक दारांवर अक्षरं उमटायची, ‘मुंबईला गेला’, ‘सुरतेला गेला’. एका दारावर यायचं, ‘म्हातारा आहे, पण येतो’. चार खांदे जमले की पाखाडीने, म्हणजे आज्या-पणज्यांनी बसवलेल्या दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरायचं. प्रत्येकाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी, ती चालता चालता आखूड होत जायची. संपायच्या आत खांदा बदलायचा. आणि नियम एकच. डोली जमिनीला टेकवायची नाही. टेकली की खेळ खलास.

मुलांना हा नियम जाचक वाटायचा. दमलो तर घटकाभर ठेवू द्या ना खाली, म्हणायची. ते मान हलवायचे. मयताला नेताना वाटेत विसाव्याला खाली ठेवतात. म्हणून त्यांच्या वाडीत जिवंत माणसाची डोली डांबरी लागेपर्यंत कुणी कधी टेकवत नाही, मग पाऊस असो की पाय मुरगळो. "खाली ठेवली की ती तिरडी," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी मला समजलं की ‘चला, उचला’ ही डोली उचलतानाची हाक आहे. आणि त्या डोलीतली बाई त्यांची सख्खी वहिनी होती. चार वर्षांपूर्वी ओढ्याशी पोचेपर्यंत ती आणि पोटातलं मूल दोन्ही गेली. गेल्यावर मग डोली खाली ठेवली. थोरला भाऊ दिवस झाल्यावर सुरतेला गेला, तो परत वाडीवर चढला नाही.

मी विचारलं, बायकांचे खांदे का चालत नाहीत तुमच्या खेळात? रीत नाही, म्हणाले. दोन-तीन दिवसांनी आपणहून सांगितलं की वहिनीला नेताना शेवटी माणूस कमी पडला तेव्हा आईने खांदा दिला होता. रीत मोडली म्हणून तेव्हा कुणी बोललं नाही, पण नंतर कुणी तो विषयही काढला नाही. दुसऱ्या दिवशी खेळात एक लुगडं नेसलेली बाई डोलीला खांदा देत होती.

आधी त्यांनी खेळ अडीच तासांचा केला होता, अगदी खऱ्या वाटेइतका. मुलं दहा मिनिटांत उठून चहाला गेली. मी म्हटलं, पाच मिनिटांचा करा. त्यांना ते पटेना. पाच मिनिटांत डांबरी येत असती तर आम्ही रडलो कशाला असतो, असा त्यांचा सवाल. शेवटी बारा मिनिटांवर तडजोड झाली. पण डांबरीला पोचूनही खेळ संपायचा नाही. जीप मिळाली तर पोलादपूर. तिथे अक्षरं, ‘डॉक्टर रजेवर, महाडला न्या’. महाडला, ‘मुंबईला न्या’. एका मुलाने शेवटी चिडून विचारलं, अहो पण ह्याचा शेवट कुठे आहे?

"आमाला पण तेच इचारायचाय," ते म्हणाले.

आता वर्तमानपत्रांत वाचते की परदेशात असे खेळ करतात, ज्यांत युद्ध, भूक, माणसाचं दुःख दाखवतात, आणि त्यावर विद्वान लोक चर्चा करतात. करू देत. मी वाचते आणि मला त्या भांड्यांच्या दुकानावरचं चौथ्या नंबरचं मशीन दिसतं.

जानेवारीत त्यांनी खाली बघत सांगितलं की बायकोला दिवस गेलेत. पहिली खेप, आषाढात होईल. म्हणजे ऐन पावसात. वाडीवरचे लोक अशा वेळी काय करतात, तर मृगाच्या आधीच बाईला खाली आणून डांबरीकाठच्या नातलगाकडे ठेवतात. ज्यांना नातलग नाही त्यांना डोली. यांचा एक चुलतभाऊ पोलादपूरला होता, तो खोली द्यायला तयार होता. पण दर खेपेला पळून खाली यायचं किती दिवस, असं यांच्या डोक्यात बसलं होतं. हा खेळ कुणीतरी मोठ्या माणसाने एकदा बघावा, पावसाच्या आत वाडीला रस्ता व्हावा. खेळ केला तो एवढ्यासाठीच.

फेब्रुवारीत आमच्या क्लासच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, संगणक प्रदर्शन भरवलं. हॉल एका पुढाऱ्याच्या शब्दावर फुकट मिळाला होता, तेव्हा प्रमुख पाहुणे अर्थातच तेच. त्यांचं पद सांगत नाही. असे सगळीकडे असतात, तुम्ही आपल्या गावचा घाला. दोन दिवस आधी त्यांचा एक कार्यकर्ता तयारी बघायला आला आणि डोलीच्या खेळापाशी थबकला. डांबरीच्या कडेला यांनी एक पाटी काढली होती. पाटीवर बारीक अक्षरांत, ‘वाडीकडे जाणारा रस्ता, काम पूर्ण’.

पाटी खरी होती. चार वर्षांपूर्वी वहिनीचं प्रेत तपासणीसाठी खाली पोलादपूरला नेलं ते त्याच पाटीखालून. त्या कामात तेवढी पाटीच काय ती पूर्ण झाली होती. कार्यकर्ता गरम झाला. सरकारी कागदावर रस्ता आहे आणि तुम्ही लोकांना डोली दाखवता? एक तर पाटी पुसा, नाहीतर रस्ता दाखवा. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला सांगितलं, तुम्हीच समजवा त्यांना, तुमचं ऐकतात.

आणि मी समजावलं. याचा मला अजून संताप येतो, आणि तो माझाच येतो. दोन दिवसांचा प्रश्न आहे, खेळच तर आहे, रस्ता दाखवून टाका, पाहुणे खूश झाले तर खरा रस्ताही होईल, असं सगळं मी गोड आवाजात म्हटलं. चवदार तळं क्लासपासून हाकेच्या अंतरावर. जिथे पाणी प्यायलासुद्धा माणसांना झगडावं लागलं, त्या तळ्याच्या गावात बसून मी त्यांना मिळतं घ्यायला सांगत होते.

"खेळ हाय म्हणून खोटं चालंल?" त्यांनी विचारलं. मी त्यांची वही त्यांच्यापुढे सरकवली. मग ते म्हणाले, बरं, करतो रस्ता.

दुसऱ्या दिवशी खेळात रस्ता झाला होता. काळाभोर, मधोमध पांढरे पट्टे, वाडीपासून पाटीपर्यंत ऐटदार वळणं घेत गेलेला. कार्यकर्ता बघून गेला, सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

प्रदर्शनाला हॉल गच्च भरला होता. पाहुणे एकेक मशीन बघत यांच्यापाशी आले. आपल्या तालुक्यातल्या कामगाराने खेळ केलाय म्हटल्यावर त्यांना कोण कौतुक. खुर्चीत बसले, चार खांदे जमवले, मोठ्या खुशीत डोली उचलली आणि पाखाडी सोडून थेट त्या काळ्या रस्त्यावर आणली. चौघांचे पाय हलू लागले. डोली मात्र एक रेघ पुढे सरकेना. पाहुण्यांनी बटण जोरात दाबलं. पाय हलतायत, हिरव्या पट्ट्या आखूड होतायत, माणसं जागच्या जागी. शेवटी डोली जमिनीला टेकली आणि खेळ संपला.

"हे चालत का नाही?" पाहुण्यांनी विचारलं.

"सायेब, ह्या रस्त्यानं अजून कोणी गेलेला नाय," ते शांतपणे म्हणाले. "कसं चालायचं ते मला ठाव नाय, मग त्यांना कसं शिकवू. पाखाडीनं न्या, तिकडनं जाते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, संपलं, आता आमचा क्लासही बंद आणि यांचं कंपनीतलं कामही. पण पाहुणे पोहोचलेले. ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले, यांच्या पाठीवर हात ठेवला, माईक मागवला आणि जाहीर केलं की येत्या महिन्यात या वाडीच्या रस्त्याचा नारळ फोडतो. पहिलं बक्षीसही यांनाच. खेळाची एक सीडी त्यांनी मागून घेतली, वरपर्यंत दाखवतो म्हणाले. गावच्या साप्ताहिकात मोठा मथळा आला, संगणकाच्या खेळाने आणला रस्ता. मी तो कापून क्लासच्या भिंतीला चिकटवला.

मार्चमध्ये, तळ्यावर माणसं लोटतात त्याच्या दोन दिवस आधी, नारळ फुटला. आधीचा रस्ता कागदावर ‘पूर्ण’ होता, म्हणून या कामाचं नाव ‘रस्त्याची सुधारणा’. मी गेले होते. अख्खी वाडी उतरून आली होती, म्हाताऱ्यासुद्धा. पाहुण्यांनी वाडीच्या देवाचं नाव घेऊन नारळ फोडला आणि सगळ्यांनी खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. यांच्या आईने माझ्या तळव्यावर एक तुकडा ठेवला आणि डोक्याला लावून खा म्हणाली. सून मागे उभी होती, लाजून पदर पुढे ओढत.

तुम्ही-आम्ही भूमिपूजनं पुष्कळ बघतो. फोटो निघतात, मंडप सुटतो, आपण विसरतो. वाडीत तसं नसतं. तिथे देवाच्या नावाने नारळ फोडून दिलेला शब्द म्हणजे झालेलं काम. त्यावर जमिनी वाटल्या जातात, सोयरिकी ठरतात, भांडणं मिटतात. लिहून काही घेत नाहीत.

मे महिन्यात यंत्र आलं. आंबेनळी घाटातून येताना एसटीच्या खिडकीतून मी ते पिवळं धूड डोंगराला भिडलेलं बघितलं आणि मला भरून आलं. त्याच आठवड्यात ते क्लासला आले. चुलतभावाने निरोप पाठवला होता, बायकोला खाली आणताय ना. ते घोटाळले होते.

"तुमाला काय वाटतं, बाई? आणू हिला खाली?"

मी म्हटलं, "आता कशाला? यंत्र लागलंय ना. पावसाच्या आत होईल रस्ता. उगाच त्यांना घरापासून लांब का ठेवायचं?"

ते हसले. "आईपण तेच बोलते. नारळ फोडलाय, बाई. नारळ फोडून कोण खोटं बोलंल?"

आईचं आणि त्यांचं मी समजू शकते. त्यांनी देवावर भरवसा ठेवला. मी कशावर ठेवला होता? भिंतीला चिकटवलेल्या एका कात्रणावर. शिकलेली होते, रोज पेपर वाचत होते, कंत्राटं कशी चालतात हे माझ्या घरात जेवताना बोललं जायचं. मला कळायला हवं होतं.

यंत्र पाच दिवस चाललं. खालचा तिसरा हिस्सा खरवडून काढला, त्याचे फोटो निघाले, आणि यंत्र दुसऱ्या कामाला गेलं ते गेलंच. पण जाताना त्याने पाखाडी चार ठिकाणी तोडली होती. पणज्याने बसवलेले दगड उखडून मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले. कुणी विचारलं नाही, की बाबांनो ही तुमची जायची वाट आहे, ही मोडू का.

मग पाऊस लागला. त्यांचं येणं बंद झालं, आणि मी समजले की पेरणीला थांबले असतील. आषाढ सरत आला तेव्हा एका सकाळी दारात उभे. चपला काढल्या, आत आले, पण मशीनपाशी बसले नाहीत. माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. आवाज चढला नाही की कापला नाही. बायकोला पहाटे कळा लागल्या. सहा खांदे जमले, त्यातले तीन बायकांचे. वरची पाखाडी नेहमीच्या वेळात उतरले. खाली यंत्राने खणलेल्या भागात आले आणि मांडीपर्यंत चिखलात गेले. जुनी वाट ढिगाऱ्याखाली, नवी वाट नाही. एरवी अर्ध्या तासाचा तो उतार, तिथे दीड तास गेला. मूल तिथेच, डोलीत झालं. मुलगी होती, रडली. त्यांनी शर्ट काढून तिला गुंडाळलं. पोलादपूरला पोचेपर्यंत ती गार झाली. त्या दिवशी डॉक्टर जागेवर होते. ते म्हणाले, अर्धा तास आधी आणली असती तर. बायको वाचली.

"बाई, खेळात मी जुन्या वाटेचा चिखल धरला होता," ते म्हणाले. "नव्या रस्त्याचा नाय धरला. तो माज्या ध्यानात नाय आला."

चूक आपलीच राहिली, अशा सुरात म्हणाले. ते मला ऐकवेना. मी म्हटलं, मी तुम्हांला वर राहा म्हटलं होतं, चूक माझी आहे. त्यांनी मान हलवली. तुमी कशाला, म्हणाले, तुमी तर भल्यासाठी बोललात. त्या माणसाने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तशीच उठून त्या पाहुण्यांच्या कचेरीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसासमोर टेबलावर हात आपटला. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. ठेकेदार नालायक निघाला म्हणाले, चौकशी लावतो म्हणाले, फार वाईट झालं म्हणाले. आणि मी निघताना, बहुधा वातावरण हलकं करायला, म्हणाले की तो खेळ मात्र झकास आहे हं. घरी पोरं सारखी तोच लावून बसतात, शेवटपर्यंत अजून कुणी पोचलं नाही.

वरपर्यंत दाखवायला नेलेली सीडी त्यांच्या घरच्या संगणकात होती. मी जिना उतरले. पोरांचा काही गुन्हा नव्हता. त्यांना ती बाई कोण हे कुणी सांगितलं नव्हतं.

रस्ता पुढे झाला, तेही सांगून टाकते. पाच-सहा वर्षांनी शहरातल्या लोकांनी तिकडे डोंगर विकत घेतले, बंगले बांधले, आणि एका उन्हाळ्यात डांबर वरपर्यंत गेलं. आता मोटारीने अकरा मिनिटं लागतात. वाडीत तोवर तीन घरं उरली होती.

पण मला त्यांचा शेवटचा दिवस सांगायचा आहे. श्रावणात ते आले, बरोबर बायको. ती दारापाशीच भिंतीला टेकून बसली, किती म्हटलं तरी आत येईना. दोघं भिवंडीला निघाले होते, तिथे मेव्हण्याने काम बघितलं होतं. आई मात्र वाडी सोडायला तयार नव्हती. पँटीला हात पुसून ते चौथ्या मशीनपुढे बसले. या वेळी ते दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मला म्हणाले, खेळ काढून कसा टाकायचा ते दाखवा.

मी म्हटलं, अहो, राहू द्या. इतक्या मेहनतीने केलाय. दुसरे लोक बघतील, त्यांना कळेल.

"बघतील नि खेळतील," ते म्हणाले. "आता त्या डोलीत मला ही दिसते. हिला कुणी बटनानं हलवायला नको."

मी दारातल्या तिच्याकडे बघितलं आणि आग्रह सोडला. एक सीडी पाहुण्यांकडे आहे आणि त्यांची मुलं ती खेळतात, हेही मी सांगून टाकलं. आणखी एक खोटं माझ्या अंगावर नको होतं. ते म्हणाले, पोरांचा काय दोष, त्यांना खेळू दे.

मी कुठे दाबायचं ते दाखवलं. त्यांनी दाबलं. पडद्यावर एक छोटी चौकट आली, आत इंग्रजीत एक ओळ. त्यांनी तिच्यावर बोट ठेवून अक्षरं जुळवायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे वळले. काय बोलतो ह्यो?

मी म्हटलं, "तो विचारतोय, नक्की काढून टाकायचं का. एकदा गेलं की परत येणार नाही."

त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. बोटांची नखं आता जरा साफ दिसत होती, दोन महिने कारखान्यात गेले नव्हते म्हणून असेल. ती ओळ ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून बघत होते.

"मशीन हाय, तरी इचारतो," ते म्हणाले. "आमची वाट मोडली तवा कोणी येवढं पण इचारला नाय."

मग त्यांनी ‘हो’ वर दाबलं, खुर्ची मागे सरकवली आणि बायकोला उठायला हात दिला.